मॅजेंटो: कोड मोकळा, राखणदार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये मॅजेंटो या ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या कोडातलं एक भगदाड उघड झालं. त्यातून बाहेरचा माणूस गिऱ्हाइकाच्या खात्यात शिरू शकत होता आणि परिस्थिती सोयीची मिळाली तर अख्खा सर्व्हरही ताब्यात घेऊ शकत होता. या भगदाडाला ‘सेशनरीपर’ असं नाव पडलं. मालक कंपनी अॅडोबीने ४ सप्टेंबरला पैसे भरणाऱ्या काही ग्राहकांना खासगीत कळवलं, की ९ तारखेला तातडीचा पॅच येतोय. तोच कोड फुकट आवृत्तीतून चालवणाऱ्या दुकानदारांना अशी आगाऊ वर्दी मिळाली नाही. त्यांना अधिकृतपणे कळलं ते ९ तारखेलाच, म्हणजे साऱ्या जगासोबत, आणि त्यात चोरही आले. पॅच येऊन सहा आठवडे उलटल्यावर सॅन्सेक या डच सुरक्षा कंपनीने पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या बासष्ट दुकानांनी तो लावलेलाच नव्हता.

मॅजेंटोच्या भवितव्याबद्दल गेली सात-आठ वर्षं जे बोललं जातं, त्याची दोन्ही टोकं या एका घटनेत आहेत. एक टोक मालकाचं. त्याच्या लेखी पैसे भरणारे आधी आणि बाकीचे नंतर. दुसरं टोक वापरणाऱ्यांचं. त्यांना सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून त्याची देखभालही फुकटच होईल, असं गृहीत धरून ते बसलेत. एक गट म्हणतो मॅजेंटो संपलं. दुसरा म्हणतो की इतकी दुकानं अजून त्यावर चालतात, संपेल कसं? दोघंही कोडाकडे बघताहेत. कोडाला काही होणार नाही, त्याचा परवानाच तशी सोय करून ठेवतो. त्या कोडाची रोजची राखण कोण करणार आणि कोणाच्या पैशावर, यावर बाकी सगळं ठरेल, असं माझं मत आहे. या आढाव्यात मी तोच धागा धरला आहे.

थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण आजचे पेच तिथूनच आलेत. मार्च २००० मध्ये जर्मनीत हॅराल्ड पॉन्से दे लिओन यांनी ऑसकॉमर्स सुरू केलं. ऑनलाइन दुकान म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, अशी समजूत असण्याच्या त्या दिवसांत कुठलाही होतकरू प्रोग्रॅमर ते उतरवून घेऊन आठवड्याभरात दुकान थाटू शकत होता. पण ऑसकॉमर्सला थीम आणि एक्स्टेन्शन यांची नीट व्यवस्थाच नव्हती. काही वाढवायचं तर मूळ फाइल उघडून तिच्यात ओळी घुसवायच्या. असे दहा बदल केले की पुढची आवृत्ती लावणं अशक्य व्हायचं. त्यात २.२ ही आवृत्ती वर्षानुवर्षं ‘जवळजवळ तयार’ अशा अवस्थेत राहिली. लोक कंटाळले आणि फाटे फुटले. २००३ मध्ये झेन कार्ट आलं, जर्मनीत एक्सटी-कॉमर्स आलं, आणखीही आले.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला रॉय रुबिन आणि योआव कुटनर यांची व्हॅरियन नावाची कंपनी ऑसकॉमर्सवरच गिऱ्हाइकांची दुकानं बांधून द्यायची. याचाच एक सुधारित फाटा काढू, असा त्यांचा आधी विचार होता. मग त्यांनी तो सोडला आणि सगळं नव्याने लिहिलं. ३१ मार्च २००८ ला मॅजेंटोची पहिली आवृत्ती आली. एका स्थापनेत अनेक दुकानं, प्रत्येक दुकानाला वेगळी भाषा आणि वेगळं चलन, मूळ फाइलला हात न लावता वागणूक बदलायची सोय. हे तोवर लाखो डॉलर मोजून मिळायचं, ते आता फुकट मिळू लागलं. दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात मॅजेंटोचा बोलबाला झाला. आपल्याकडेही पुण्यात, इंदूरमध्ये, अहमदाबादेत कितीतरी एजन्स्या मॅजेंटोच्याच जिवावर उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक लंडनचं किंवा मेलबर्नचं, काम इथलं.

मग मालक बदलत गेले. २०११ मध्ये ईबेने कंपनी विकत घेतली. ईबेला त्यातून एक मोठी व्यापारी इमारत बांधायची होती, ती काही उभी राहिली नाही. २०१५ मध्ये मॅजेंटो पर्मिरा या गुंतवणूकदार संस्थेकडे गेलं. २०१८ मध्ये अॅडोबीने १.६८ अब्ज डॉलरला घेतलं. दरम्यान कुटनर २०१२ मध्येच बाहेर पडले आणि त्यांनी ओरो नावाची वेगळी कंपनी काढली. दहा वर्षांत तीन मालक. प्रत्येकाचा हिशोब वेगळा. पण एक गोष्ट तिघांत समान होती. पैसा मिळायचा तो मोठ्या व्यापाऱ्यांना विकल्या जाणाऱ्या आवृत्तीतून. फुकट आवृत्ती ही गिऱ्हाईक आणि प्रोग्रॅमर ओढून आणायची वाट.

मॅजेंटो एवढं गाजलं ते कशामुळे आणि लोक त्याला वैतागले ते कशामुळे, या दोन्हीचं मूळ त्याच्या डेटाबेसात आहे. म्हणून तिथे जरा थांबू. समजा येवल्याचा एखादा व्यापारी पैठण्या विकतो. साध्या सॉफ्टवेअरमध्ये एका साडीची एक ओळ असते. नाव, किंमत, रंग, वर्णन, सगळं त्या ओळीत. मॅजेंटोत मुख्य तक्त्यात फक्त साडीचा क्रमांक, तिचा एसकेयू आणि प्रकार एवढंच असतं. साडीचं नाव छोट्या मजकुरांच्या तक्त्यात, किंमत दशांश आकड्यांच्या तक्त्यात, लांबलचक वर्णन तिसरीकडे, विक्रीला आहे की नाही हे पूर्णांकांच्या तक्त्यात. भांडी एका फडताळात आणि झाकणं दुसऱ्यात, असा हा संसार. पण त्याचा फायदाही तसाच मोठा. उद्या व्यापाऱ्याला ‘काठ’, ‘पदर’, ‘रेशीम कुठलं’ असे नवे रकाने हवे झाले तर डेटाबेसाला हात लावावा लागत नाही. प्रशासनाच्या पडद्यावर चार बटणं दाबली की झालं. प्रत्येक मूल्याच्या ओळीत दुकानाचा क्रमांकही असतो, त्यामुळे त्याच साडीला मराठी दुकानात एक नाव आणि इंग्रजी दुकानात दुसरं देता येतं.

आणि तोटा? एका पानावर चोवीस साड्या दाखवायच्या तर पाच-सहा तक्ते जुळवावे लागतात. ते हळू होतं, म्हणून सगळं आधीच जुळवून ठेवणारे इंडेक्सर आले. इंडेक्सर वेळेवर चालले नाहीत की बदललेली किंमत दुकानात दिसत नाही, म्हणून ते चालवणारा क्रॉन आला. शोधासाठी साधं मायएसक्यूएल पुरेना. २.४ या आवृत्तीपासून शोधाचं वेगळं इंजिन सक्तीचं झालं, पूर्वी इलॅस्टिकसर्च आणि आता ओपनसर्च. वेगासाठी व्हार्निश आणि रेडिस. आता हे सगळं महिन्याला दोनशे रुपयांच्या शेअर्ड होस्टिंगवर कसं चालणार? चालत नाहीच. पन्नास हजार वस्तू, चार देश आणि घाऊक-किरकोळ असे वेगळे दर असलेल्या व्यापाऱ्याला हा पसारा परवडतो, कारण त्याला त्या पसाऱ्याची गरज असते. तीनशे साड्या विकणाऱ्याला हत्ती पोसायला दिल्यासारखं होतं. मॅजेंटोची बदनामी केली ती बहुतांशी अशाच दुकानदारांनी, आणि त्यांना मॅजेंटो गळ्यात मारणाऱ्या एजन्स्यांनी.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅजेंटो २ आलं. त्या वेळी जे घडलं त्याचे चटके अजून जाणवतात. जुन्या दुकानातून नव्यात जायचा सरळ रस्ताच नव्हता. उत्पादनं, गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी हलवायला एक साधन दिलं होतं, पण थीम नव्याने बांधायची, एक्स्टेन्शन नव्याने घ्यायची आणि स्वतः लिहून घेतलेला कोड नव्याने लिहून घ्यायचा. म्हणजे स्थलांतर नावाला, प्रत्यक्षात दुसरं दुकान. स्थलांतराचं अंदाजपत्रक हातात पडलं की व्यापारी साहजिकच विचारायचा, नव्यानेच बांधायचं तर मॅजेंटोच कशाला? त्याच काळात शॉपिफायने हात पुढे केला होता. महिन्याचं भाडं भरा, सर्व्हर, पॅच, बॅकअप आमच्याकडे. अनेकांनी तो हात धरला. माझ्या मते मॅजेंटोचं मध्यम दुकानदारांतलं स्थान गेलं ते इथेच. अॅडोबी नंतर आली.

जुन्या मॅजेंटोचा आधार ३० जून २०२० ला संपला. व्हिसा आणि पेपाल यांनी व्यापाऱ्यांना वेळेत हलण्याची ताकीद दिली होती, तरी त्या दिवशी लाखाच्या आसपास दुकानं जुन्याच आवृत्तीवर होती. सप्टेंबरात एका शनिवार-रविवारच्या दरम्यान सुमारे २००० दुकानांत कार्डचोरीचा कोड घुसवला गेला, ती जवळजवळ सगळी जुन्या मॅजेंटोवरची. या चोरीत दिसण्यासारखं काही नसतं. पैसे भरण्याच्या पानावर जावास्क्रिप्टच्या काही ओळी बसतात. गिऱ्हाईक कार्डाचा क्रमांक टाकतं, तो व्यापाऱ्याकडे नीट पोचतो, ऑर्डर होते, साडी घरी येते. त्याच वेळी त्या ओळी क्रमांकाची एक प्रत दुसऱ्याच सर्व्हरला पाठवतात. व्यापाऱ्याला पत्ता लागतो तो महिन्यांनी, बँकेचा फोन आल्यावर. या प्रकारच्या चोरट्या टोळ्यांना जगभर ‘मेजकार्ट’ म्हणतात. त्या नावातला पूर्वार्ध मॅजेंटोवरून आलाय, यातच काय ते आलं.

पण जून २०२४ चं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. ‘कॉस्मिकस्टिंग’ नावाच्या त्या त्रुटीतून हल्लेखोर सर्व्हरवरची सेटिंगची फाइल वाचू शकत होता. त्या फाइलमध्ये दुकानाची गुप्त किल्ली असते. किल्ली हाती आली की प्रशासकाचं खोटं ओळखपत्र तयार करता येतं आणि त्याच्या जोरावर दुकानाच्या पानांत हवा तो कोड बसवता येतो. अॅडोबीने पॅच दिला. ज्यांनी तो लावला ते निर्धास्त झाले. पण किल्ली आधीच चोरीला गेली असेल तर पॅच लावून काय उपयोग? कुलूप नवं, किल्ली जुनीच. ती बदलायची होती, हे अनेकांना कळलंच नाही. सॅन्सेकच्या मोजणीप्रमाणे काही महिन्यांत या कोडावर चालणाऱ्या सुमारे ५ टक्के दुकानांत, म्हणजे चार हजारांहून जास्त ठिकाणी, चोर शिरले होते. त्यांत नावाजलेले ब्रँडही होते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. पॅच न लावणाऱ्या दुकानदाराला आळशी म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या दुकानात वीस-पंचवीस एक्स्टेन्शन असतात. त्यांतली काही लिहिणारी कंपनी बंद पडलेली, काही लिहिणारा माणूस दुसऱ्या नोकरीत. मॅजेंटोची आवृत्ती वाढवायची तर पीएचपीची आवृत्ती वाढवावी लागते, ती वाढली की जुनी एक्स्टेन्शन रुसतात, चेकआउट बंद पडतं. सणासुदीच्या तोंडावर तो धोका कोण पत्करेल? म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’. दिवाळीनंतर बघणं होत नाही ते नाहीच.

आता मालकाकडे वळू. अॅडोबीने विकत घेतल्यावर सशुल्क आवृत्तीचं नाव अॅडोबी कॉमर्स झालं, फुकट आवृत्ती मॅजेंटो ओपन सोर्स राहिली. दोन्हींचा गाभा एक. म्हणून आजवर अॅडोबी आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांसाठी जे पॅच काढते त्यातले गाभ्याचे पॅच फुकटवाल्यांनाही मिळत आलेत. हा काही उपकार नाही. एकाच गाभ्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या सांभाळणं अॅडोबीलाच महाग पडलं असतं. प्रश्न आहे तो हे किती दिवस खरं राहील, हा. २०२५ मध्ये अॅडोबीने आपल्या कॉमर्सची क्लाउड-सेवा आणली. त्यात व्यापाऱ्याला कोड मिळतच नाही. आवृत्ती बदलण्याची कटकट नाही, पॅच अॅडोबीच लावणार, पण गाभ्यात शिरून काही बदलायचंही नाही. जे जोडायचं ते बाहेरून, अॅडोबीच्या साधनांनी. दुकानाचा दर्शनी भागही वेगळ्याच तंत्रावर. नवी कल्पकता आणि पैसा तिकडे वळलाय. जुन्या गाभ्याला पॅच मिळतील, नवं पीएचपी चालेल एवढी डागडुजी होईल. त्याहून जास्त अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. कंपनीने तसं कुठे जाहीर केलेलं नाही, आणि जाहीर करायची तिला गरजही नाही. काम कुठे चाललंय ते बघणाऱ्याला दिसतंच.

याची चाहूल आधीच लागली होती, म्हणून २०२१ च्या सप्टेंबरात मॅजेंटोच्या समाजातल्या जाणत्या मंडळींनी एक खुलं पत्र काढलं. फुकट आवृत्तीवर जगणाऱ्यांनी तिच्या भवितव्याची तजवीज स्वतःच करायला हवी, असा त्याचा रोख होता. मॅजेंटोच्या जगात शिक्षक म्हणून ओळखले जाणारे विनाई कॉप हे त्यातलं ठळक नाव. त्यातून मेज-ओएस ही संघटना उभी राहिली आणि तिचं स्वतंत्र वितरण आज उतरवून घेता येतं. तांत्रिकदृष्ट्या ते मॅजेंटोशी सुसंगत राहतं, म्हणजे जुनी एक्स्टेन्शन चालतात. कायदेशीर बाजूही भक्कम. मॅजेंटोचा कोड ओएसएल ३.० परवान्याखाली आहे. मॅजेंटो हे नाव अॅडोबीचं, कोड मात्र कोणालाही घेऊन पुढे नेता येतो, आणि एकदा मोकळा केलेला कोड परत कुलपात घालता येत नाही.

कोड परत घेता येत नाही, हे खरं असलं तरी राखणदार मिळतोच असं नाही. मेज-ओएससमोरचा पेच नेमका हा आहे. आज अॅडोबी पॅच काढते, मेज-ओएस तो आपल्या वितरणात घेते. अॅडोबीने उद्या गाभ्यावरचं काम थांबवलं तर भगदाड शोधणं, बुजवणं, तपासणं, सगळं या संघटनेला स्वतः करावं लागेल. त्यासाठी पगारी, रोज येणारी माणसं लागतात. वर्गणी आणि प्रायोजक यांच्यावर असा पगार निघतो का? युरोपातल्या एजन्स्यांनी मनावर घेतलं तर निघेल. त्यांचं पोट मॅजेंटोवर आहे, आणि आजवर पुढाकारही मुख्यतः नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या मंडळींनीच घेतलाय. आपल्याकडच्या एजन्स्यांनी मॅजेंटोवर कमावलं पुष्कळ. गाभ्यात परत घातलं त्या मानाने कमी. हे कडू आहे, पण खरं आहे.

कमी माणसांत, कमी पैशात काम चालू शकतं याचंही उदाहरण मॅजेंटोच्याच घरात आहे. ज्या जुन्या मॅजेंटोला अॅडोबीने २०२० मध्ये निरोप दिला, ते ओपनमेज या नावाने स्वयंसेवकांनी चालू ठेवलंय. सुरक्षेचे पॅच येतात, नवं पीएचपी चालतं. त्यातून माहो नावाचा आणखी एक फाटा निघाला, तो जरा धाडसी आहे आणि जुना पसारा मोडून टाकत पुढे जातो. ज्याचं दुकान जुन्या मॅजेंटोवर बिनतक्रार चाललंय आणि ज्याच्याकडे एक जाणता प्रोग्रॅमर आहे, त्याने मॅजेंटो २ ची उडी न मारता ओपनमेज धरलं असेल तर त्याला मी वेड्यात काढणार नाही. पाच वर्षांपूर्वी काढलं असतं.

दर्शनी भागाची कथा वेगळीच आहे. मॅजेंटो २ ची लुमा थीम २०१५ ची. नॉकआउट, रिक्वायर-जेएस, जेक्वेरी यांचं असं ओझं की मोबाइलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळून जायचं. यावर पीडब्ल्यूए स्टुडिओ हा अधिकृत उतारा निघाला, पण तो मोठ्या संघांनाच झेपणारा होता. २०२१ मध्ये विलेम विग्मन या डच प्रोग्रॅमरने हायवा आणली. जुनं जावास्क्रिप्ट पार काढून टाकलं आणि टेलविंड व अल्पाइन या दोन हलक्या साधनांवर नवी थीम बांधली. दुकानं लक्षात येण्याइतकी वेगवान झाली. परवाना दुकानामागे सुमारे हजार युरो, तरी एजन्स्यांनी तो आनंदाने भरला. २०२५ च्या अखेरीस हायवाची मूळ थीम खुली आणि फुकट झाली, उत्पन्न आता तिच्याभोवतीच्या इतर वस्तूंतून येतं. मॅजेंटो आज जे ताजंतवानं वाटतं ते मालकामुळे नव्हे, या तिऱ्हाईत कंपनीमुळे. आणि ती टिकली कारण तिने पहिल्या दिवसापासून पैसे मागितले. सगळं फुकट असलंच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

मग बाकीचे मोकळे पर्याय अधिक भरवशाचे आहेत का? वू-कॉमर्स संख्येने सगळ्यांच्या पुढे. वर्डप्रेस येणाऱ्या कोणालाही ते येतं. २०११ मध्ये जिगोशॉपचा फाटा म्हणून निघालं, २०१५ मध्ये ऑटोमॅटिकने घेतलं. ऑर्डरी ब्लॉगच्या लेखांच्याच तक्त्यात साठवायची त्याची अजब पद्धत २०२३ मध्ये एकदाची बदलली. पण २०२४ च्या शरदात वर्डप्रेसचे मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीत जे जुंपलं, त्यात लाखो साइटवर असलेलं एक प्लगइन डब्ल्यूपी इंजिनकडून काढून घेतलं गेलं. परवाना मोकळा, पण वाटपाची चावी एका माणसाच्या खिशात, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. प्रेस्टाशॉप फ्रान्समध्ये जन्मलं, युरोपात मजबूत, आपल्याकडे तुरळक. नोएडाच्या वेबकुलचं बागिस्टो लारावेलवर बांधलेलं आहे आणि भारतीय प्रोग्रॅमरांना ओळखीचं वाटतं. मुंबईच्या फ्रापेने ईआरपीनेक्स्टमधला दुकानाचा भाग पंधराव्या आवृत्तीपासून ‘वेबशॉप’ म्हणून वेगळा काढलाय. ज्याचा साठा आणि हिशोब आधीच ईआरपीनेक्स्टमध्ये आहे त्याच्यासाठी तो सरळ मार्ग. फॅशनच्या भपकेबाज दुकानासाठी मात्र तो अपुरा पडेल.

भारतातल्या दुकानदाराला आणखी एक कसोटी लावावी लागते. आपले कर. समजा एक कुडता २६०० रुपयांचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८ टक्के. गिऱ्हाइकाने दहा टक्क्यांचं कूपन लावलं, किंमत २३४० झाली, कर १८ वरून ५ वर यायला हवा. मॅजेंटोत करवर्ग वस्तूला चिकटलेला असतो, किमतीला नव्हे. कूपन लागल्यावर वर्ग बदलावा हे त्याला मुळात कळत नाही. वर दुकान महाराष्ट्रातलं आणि गिऱ्हाईकही इथलंच असेल तर बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा दाखवायचा, गोव्यातलं असेल तर एकत्र आयजीएसटी. हे सगळं करून देणारी एक्स्टेन्शन मिळतात, पण सरकारने दर बदलले की त्या एक्स्टेन्शनवाल्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

पैसे भरण्याचं तसं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना कार्डाचे क्रमांक साठवायला मनाई केली, त्याआधी आवर्ती वसुलीचे नियम बदलले. रेझरपेसारख्या पेमेंट कंपन्यांनी आपापली मॅजेंटोची मॉड्यूल स्वतः बदलली, कारण मॉड्यूल बंद पडलं तर त्यांचंच उत्पन्न थांबतं. ज्याची कमाई एखाद्या कोडावर अवलंबून आहे तो त्याची देखभाल करतो, बाकीचे आश्वासनं देतात. मॅजेंटोच्या गाभ्यावर कोणाची कमाई थेट अवलंबून आहे, हे म्हणूनच नीट बघायला हवं. अॅडोबीची दिवसेंदिवस कमी होत जाणार. हायवाची, युरोपातल्या मध्यम एजन्स्यांची आणि मॅजेंटोसाठी खास होस्टिंग देणाऱ्या कंपन्यांची मात्र पूर्णपणे. पुढचा राखणदार निघाला तर याच तिघांतून निघेल.

एआयबद्दल विचारणारे विचारतातच. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआय आणि स्ट्राइप यांनी चॅटमधूनच खरेदी करता यावी यासाठी एक खुला प्रोटोकॉल आणला. गिऱ्हाईक दुकानात येणारच नसेल, त्याच्या वतीने यंत्र येणार असेल, तर सुंदर थीमपेक्षा वस्तूंची नेटकी, रकानेवार माहिती महत्त्वाची ठरते. मघाशी ज्या डेटाबेसाला नावं ठेवली तो इथे कामाला येऊ शकतो. आपल्या ओएनडीसी या खुल्या व्यापारी जाळ्याची अपेक्षाही काहीशी तशीच आहे, दुकान कशावरही बांधा, वस्तूंची यादी ठरलेल्या साच्यात द्या. दुसरा परिणाम देखभालीवर. बंद पडलेल्या एक्स्टेन्शनचा जुना कोड नव्या पीएचपीवर आणण्याचं किचकट काम आता यंत्राच्या मदतीने बरंच स्वस्त होतंय. ‘दिवाळीनंतर बघू’ याला निदान एक सबब कमी झाली.

तर कोणी काय करावं? ज्याच्याकडे हजारभर वस्तू आणि एकच देश आहे, त्याने मॅजेंटोच्या वाटेला जाऊ नये. त्याला वू-कॉमर्स किंवा भाड्याचं दुकान पुरे. भाड्यातही मेख आहे, शॉपिफायची स्वतःची पेमेंट-सेवा भारतात नसल्याने बाहेरचं गेटवे वापरावं लागतं आणि त्यावर शॉपिफायचं जादा शुल्क पडतं, ते आधी मांडून बघावं. ज्याचं मॅजेंटो २ वर मोठं दुकान आहे त्याने घाबरून घर बदलू नये. लुमा काढून हायवा लावावी, एक्स्टेन्शन निम्म्यावर आणावीत आणि पॅच लावणाऱ्या माणसाचा पगार भाडं-वीजबिलाच्या रांगेत लिहावा. मेज-ओएसवर जायची घाई नाही, पण तिची चाचणी प्रत एका बाजूच्या सर्व्हरवर चालवून ठेवायला काय हरकत आहे? नव्याने निवड करणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला मात्र मी मॅजेंटो पहिल्या क्रमांकावर सुचवणार नाही. घाऊक व्यापार, अनेक देश आणि स्वतःचा तांत्रिक संघ, या तिन्ही गोष्टी असल्या तरच.

दुकानांची संख्या घटत जाईल, याबद्दल मला फारशी शंका नाही. लहान दुकानं आधीच गेली, मधली जाताहेत. उरतील ती अशी, ज्यांना खरोखर हा पसारा लागतो. त्यांच्या जिवावर एक छोटा पण जाणता समाज तगून राहील.

पुढची खरी परीक्षा युरोपच्या कायद्याची आहे. तिथला सायबर रेझिलिअन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला लागू झाला. सॉफ्टवेअरमधलं चोरांनी वापरलेलं भगदाड कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीच्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून. खुल्या सॉफ्टवेअरचा सांभाळ करणाऱ्या संस्थांसाठी त्यात वेगळा, हलक्या बंधनांचा वर्ग केलाय. मॅजेंटोचे सगळ्यांत निष्ठावान दुकानदार आणि एजन्स्या युरोपातच आहेत. फुकट आवृत्तीपुरता हा सांभाळकर्ता अॅडोबी समजायचा, मेज-ओएस समजायचा, की दुकान बांधून देणारी एजन्सीच उत्पादक ठरते, हे वकिलांना विचारून झाल्यावर कोणाला तरी कागदावर सही करावी लागेल. आजवर कोणी ती केलेली नाही, कारण मागितलेलीच नव्हती.